एल कॅपिटनवर सलग चार दिवस, झेपेल का?

कातळवेडा: मंडळी, सध्या कामानिमित्त सॅन होजेला आहे. पुण्यात असताना तैलबैला, वानरलिंगी केलंय, पण ते म्हणजे सकाळी चढायचं आणि रात्री पिठलं-भाकरीला खाली. आता मित्र म्हणतोय ऑक्टोबरात योसेमिटीत एल कॅपिटन कड्यावरचा नोज हा मार्ग करू, 3000 फूट, 31 पिच (पिच म्हणजे साधारण एका दोराच्या लांबीचा टप्पा). चढाई जमेल असं वाटतंय पण तीन रात्री कड्यावर काढायच्या म्हणजे अंगाचं आणि डोक्याचं नक्की काय होतं?

जुमारवाला: भावा चढाई राहू दे, आधी पाणी मोज. वर पाणी मिळत नाही. माणशी दिवसाला 3 लिटर धरलं तरी दोघांचं चार दिवसांचं 24 लिटर, म्हणजे 24 किलो नुसतं पाणी, त्यावर खाणं, झोपायचं सामान, आणि ती सॅक प्रत्येक पिचला पुलीवरून ओढायची, मधेच कुठेतरी अडकते मग एकाने खाली जाऊन सोडवायची. माझा जीव चढण्यात नाही, ओढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं इतकी सुजली की मूठ उघडेना, स्लीपिंग बॅगची चेन पार्टनरने उघडून दिली. नोज पहिल्यांदा चढणाऱ्या हार्डिंगच्या टीमला 1957-58 मध्ये सगळं मिळून 45 च्या वर दिवस लागले होते, कसे टिकले देव जाणे.

घोरपड_ताई: उंचीची भीती पहिल्या दिवसात मरते हो, डोकं खातं ते बारीकसारीक. स्टोव्ह, चमचा, बूट, जे बांधलं नाही ते गेलं. माझा चालायचा एक बूट गेला, उतरताना एका पायात क्लाइंबिंग शू. हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेच्या पट्ट्यात, लटकून तासन्‌तास बिले देताना (चढणाऱ्याचा दोर सांभाळताना) मांड्या बधीर होतात, तेव्हा पार्टनरचा नुसता खोकलासुद्धा डोक्यात जातो. परत फिरायचं असेल तर लवकर ठरवा, सुरुवातीच्या सिकल लेजवरून (लेज म्हणजे कड्यातली पायरी) उतरणं सोपं, किंग स्विंग मारून, म्हणजे दोरावर मोठा झोका घेऊन, डावीकडे गेलात की फार किचकट.

कातळवेडा: आणि... सकाळचे विधी?

जुमारवाला: पिशवीत. पिशवी वर न्यायची आणि खालीही आणायची, तिथे नियमच आहे. कड्यावर मुक्कामाचं परमिटही लागतं, फुकट असतं. त्याआधी तिथल्याच वॉशिंग्टन कॉलम कड्यावरचा साउथ फेस हा मार्ग करा, डिनर लेजवर एक रात्र झोपून बघा, सॅक ओढण्याचा सराव तिथेच होईल.

कातळवेडा: धन्यवाद दोघांना. मित्राला 24 लिटरचा हिशोब पाठवलाय, ब्लू टिक आलीय, उत्तर नाही.