उभ्या गाडीचं ऑइल बदलता का?

घरून काम, त्यामुळे आमची पेट्रोल गाडी वर्षभरात जेमतेम १,८०० किलोमीटर फिरली. "ऑइल मधासारखं दिसतंय, कशाला बदलायचं?" असं नवरा म्हणतो. पुस्तिकेत मात्र "१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" असं आहे. ज्यांची गाडी जास्त करून उभीच असते त्यांनी लिहा. ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), ब्रेक ऑइल, काहीही चालेल.

• तुमच्या नवऱ्यासारखाच मीही होतो. भाजीला दीड किलोमीटर जायचं, दीड यायचं, बस. एका पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडलं तर खाली पिवळट साय! हेड गॅस्केट (इंजिनात कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरलं म्हणून धसकाच घेतला. मेकॅनिकने आधी कूलंट बघितलं, ते जागच्या जागी होतं. म्हणाला, "काका, इंजिन पुरतं तापतच नाही, मग आतलं पाणी उडणार कसं?" ऑइल बदललं. आता दर रविवारी अर्धा तास हायवेला नेतो. जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवायचो, ते बंद केलं. तेवढ्यात ऑइल काही तापत नाही.

• ब्रेक ऑइल विसरू नका. गाडी चालो न चालो, ते हवेतला ओलावा ओढत राहतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. चार वर्षांच्या जुन्या ऑइलवर आंबा घाट उतरलो. घाटाखालचं साखरपा यायच्या आत ऑइल उकळून ब्रेकचं पेडल भुसभुशीत! गाडी बाजूला घेऊन तासभर बसलो. आता दर २ वर्षांनी बदलतो, किलोमीटर बघतच नाही.

• आमची गाडी गावी, आम्ही मुंबईत. शेजारच्या दादांनी मायेने कूलंटच्या बाटलीत बोअरचं पाणी ओतलं, तेही दोन वर्षं. पाणी तांबूस झालं, रेडिएटर बदलावा लागला. दादांना अजून सांगितलेलं नाही. बाटलीवर तेवढी चिठ्ठी चिकटवलीय.

• थोडं अवांतर: काच धुवायच्या टाकीत शेवाळ झालं होतं. टोलनाक्यावर फवारा मारला आणि काच हिरवी.

• धागा काढणारी मीच. आत्ता खाली जाऊन झाकण उघडलं. साय आहे. फोटो नवऱ्याला पाठवलाय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.