वृद्धाश्रमातला छळ आणि पोलीस : तपासाचं वेगळं प्रशिक्षण हवं की नको?

कंदील :
लहान मुलाच्या अंगावर वळ दिसले तर पोलीस लगेच कान टवकारतात. वृद्धाश्रमातल्या आजींच्या दंडावर बोटांच्या खुणा दिसल्या तर 'या वयात लागतंच' म्हणतात आणि वही मिटते. माझं मत ठाम आहे. हा तपास वेगळा आहे आणि तो पोलिसांना शिकवायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा. समाजात राहणाऱ्या साठीपुढच्या दर ६ जणांपैकी एकाचा वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारे छळ होतो. संस्थांमध्ये तर दर ३ कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात आपल्या हातून असं वागणं घडल्याचं स्वतःच सांगितलंय.

शिकवायचं काय? पहिलं म्हणजे अंगावरच्या खुणा. अमेरिकेत २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात म्हाताऱ्या माणसांना चुकून लागल्यावर उठणारे काळेनिळे डाग रोज तपासले होते. जवळपास ९० टक्के डाग हातापायांवर निघाले. मान, कान, कुल्ले, तळपाय यांवर एकही नव्हता. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे सांगता येत नाही, हेही त्यातून कळलं. आजही पुष्कळ अधिकारी रंग बघून अंदाज बांधतात.

दुसरं, कागद. माझ्या मते खरा पुरावा इथेच असतो. दर २ तासांनी कूस बदलल्याची नोंद असते, पण आठवडाभराच्या सह्या एकाच शाईत, एका बैठकीत केलेल्या. सही करणारी त्या रात्री ड्युटीवरच नव्हती, हे रोस्टर, म्हणजे कुणाची पाळी कधी याचा तक्ता, शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. वजनाचा तक्ता, औषधांचा चार्ट, झोपेच्या गोळ्या कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून वाढल्या, हे सगळं पहिल्याच दिवशी ताब्यात घ्यायला हवं. सीसीटीव्हीचं चित्रण तर काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

रात्रपाळी :
अशाच ठिकाणी मी ११ वर्षं रात्रीची ड्युटी करते. मला हे पटत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला नुसतं धरून उठवलं तरी दंड काळा पडतो. शेवटच्या दिवसांत कितीही कूस बदला, पाठीला जखम होते. कधी कधी काही तासांत. आणि त्या ३ पैकी दोघांत मी आहे. ओरडले आहे मी. त्या रात्री २८ माणसं आणि आम्ही दोघी होतो.

पोलीस आले की पकडली जाणार ती सगळ्यात कमी पगाराची बाई. दोघींचं रोस्टर ज्यांनी लावलं ते कचेरीत बसून जबाब देतील. भीतीपोटी कामावरच्या मुली आज सांगतात तेवढंही सांगायच्या बंद होतील. हे काम तपासणी खात्याचं आहे, त्यांनी महिन्यातून एकदा तरी न सांगता यावं.

कंदील :
रात्रपाळी, तुम्ही म्हणता त्यासाठीच तर प्रशिक्षण हवं. न शिकलेला माणूस एक तर सगळं सोडून देतो, नाहीतर सगळ्यांवर संशय घेतो. २८ माणसांना दोघी हा निष्काळजीपणाचाच पुरावा आहे, आणि तो मालकाकडे बोट दाखवतो. पण रोस्टरही मागायचं असतं, हे पोलिसाला माहीत असायला हवं.

पानगळ :
माझ्या वडिलांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होता. आमच्या तक्रारीवरून एक अधिकारी आले. वडिलांच्या कानात यंत्र नव्हतं, समोर संस्थेचा व्यवस्थापक उभा. पहिला प्रश्न, 'आज वार कोणता?' त्यांना सांगता आलं नाही. संपला तपास.

एक ठरावीक सेवक खोलीत आला की वडील हात पोटाशी ओढून घ्यायचे, दर वेळी. मी हे दोनदा सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही. वार विसरणारा माणूस भीती विसरत नाही, एवढं तरी कुणीतरी शिकवायला हवं होतं त्यांना.

उंबरठा :
पानगळ, वाचून वाईट वाटलं. तरी मी विरोधातच आहे. मे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका वृद्धाश्रमात डिमेन्शिया असलेल्या ९५ वर्षांच्या बाई हातात चाकू घेऊन वॉकरच्या आधाराने फिरत होत्या. बोलावलेल्या पोलिसाने टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार चालवलं. त्या पडल्या आणि काही दिवसांनी गेल्या. पुढच्या वर्षी तो अधिकारी सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. गणवेशाची सवय चार दिवसांच्या वर्गाने जात नाही.

कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीने २००३ साली वेगळी वाट धरली. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, सरकारी वकील आणि पोलीस एकाच टेबलाशी बसून प्रकरण बघतात. तिथे पोलिसाची खुर्ची एकच असते. मला हे पटतं.

निळी शाई :
त्या टेबलापर्यंत प्रकरण पोचायला आधी कुणाला तरी संशय यायला हवा. कॅनडात ऑन्टारिओमध्ये एका परिचारिकेने २००७ ते २०१४ या काळात संस्थांमधल्या ८ वृद्धांना इन्सुलिन टोचून मारलं. कळलं ते २०१६ मध्ये, तिने स्वतः सांगितलं तेव्हा. कबुली दिली नसती तर हे उघडकीस आलंच नसतं, असं चौकशी आयोगाने २०१९ मध्ये नोंदवलं. म्हणून पोलिसांबरोबर मृत्यूचा दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरांनाही शिकवा. वय झालेलं म्हणजे नैसर्गिक मृत्यू, ही सवय तिथून सुरू होते.

रात्रपाळी :
पानगळ, हात ओढून घेणं आम्हाला रोज दिसतं. कोण आल्यावर कोण हात ओढतं, हे मी माझ्या मजल्यापुरतं नावानिशी सांगू शकते. ११ वर्षांत मला ते कुणी विचारलेलं नाही. व्यवस्थापक समोर असताना मी सांगणारही नाही, नोकरी जाईल.

माझा विरोध मी थोडा मागे घेते, पण एका अटीवर. जो कुणी हे शिकायला येईल त्याने साध्या कपड्यांत एक रात्र आमच्याबरोबर काढावी. २ ते ५ या वेळात. बेल वाजत असताना मी कुठे असते, आणि त्या वेळचा माझ्या नावाचा चार्ट कोण भरतं, ते त्याने स्वतः बघावं.

कंदील :
चार्ट कोण भरतं?

रात्रपाळी :
सकाळी सहाला, सगळ्यांचे एकदम. आम्हीच. तसं करायला सांगितलंय.