बूटचं पार्टिशन एलव्हीएमच्या बाहेर कशाला?

खटपट्या:
लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रब २ या बूटलोडरला एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था) वाचता येतं. तरी बरेच इन्स्टॉलर रूट (मुख्य सिस्टिम) एलव्हीएममध्ये टाकतात आणि बूट (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठेवायची जागा) मात्र बाहेर, वेगळ्या पार्टिशनवर. लिलो या जुन्या बूटलोडरच्या काळात ठीक होतं. आता जुने कर्नल साठून बूट भरतं, अपडेट मध्येच अडकतं, आणि शेजारच्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमच्या जागेच्या साठ्यात) शेकडो जीबी नुसती पडून! आत असतं तर एक एलव्हीएक्स्टेंड (जागा वाढवायची कमांड) मारला की विषय संपला.

रात्रपाळीवाला:
वाचता येतं, लिहिता येत नाही. मागची निवड, फसलेल्या बूटची खूण हे ग्रब स्वतः ग्रबएनव्ही या फाइलीत लिहितो. एलव्हीएमवर ते बंद. वाचतो तेही लिनिअर, स्ट्राइप, मिरर वगैरे प्रकारचे व्हॉल्यूम. थिन पूलमध्ये (जिथे जागा लागेल तशी दिली जाते) बूट ठेवलंत तर बसा काळ्या पडद्यापुढे.

खटपट्या:
थिनवर ठेवा म्हणतंय कोण? आणि सर्व्हरवर मागची निवड आठवून करायचंय काय?

टर्मिनलकर:
माझ्या मते रूटसुद्धा एलव्हीएमवर नको. एवढी भानगड कशाला?

रात्रपाळीवाला:
रूटचा त्रास नाही हो. व्हॉल्यूम ग्रुप जोडायचं काम इनिटरामएफएस (कर्नलसोबत आधी चढणारी छोटी सिस्टिम) करतं, आणि बिनबोभाट करतं. ग्रुपचं नाव बदललंत तर मात्र एफएसटॅब (कुठलं व्हॉल्यूम कुठे जोडायचं त्याची यादी), ग्रबची कर्नलची ओळ आणि इनिटरामएफएस, तिन्हीकडे बघा.

खटपट्या:
खरा मुद्दा स्नॅपशॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याचा. अपग्रेड फसलं, रूटचा स्नॅपशॉट मर्ज करून मागे आलो. रूटमधले कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हर वगैरे) जुने, बाहेरच्या बूटमधला कर्नल नवा. नेटवर्क कार्डसुद्धा उठत नाही! बूट आत असतं तर दोन्ही एकत्र मागे आले असते.

रात्रपाळीवाला:
लगेच नाही येत. चालू रूटचं मर्ज पुढच्या बूटला, व्हॉल्यूम ॲक्टिव्हेट झाल्यावर सुरू होतं. ग्रब त्याआधीच मूळ व्हॉल्यूम वाचून मोकळा. म्हणजे पहिल्या खेपेला नवाच कर्नल. मर्ज संपल्यावर पुन्हा रीबूट. त्यापेक्षा बूट बाहेर दोन जीबीचं करा आणि मेनूतून जुना कर्नल निवडा. असतोच तो तिथे.

खटपट्या:
असतोच? जागा करायला आधी तोच उडवलेला असतो, राव.

टर्मिनलकर:
युईएफआय (नव्या मशीनचं फर्मवेअर) असेल तर ईएसपी (ते बूटलोडर जिथून उचलतं ती पार्टिशन) फॅट फाइलसिस्टिममध्ये, एलव्हीएमबाहेर ठेवावीच लागते. मग कर्नलही तिथेच ठेवा, सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर वापरा. ग्रबच नको.

रात्रपाळीवाला:
विंडोजसोबत आलेल्या कितीतरी मशीनवर ईएसपी शंभर एमबीची असते. इनिटरामएफएससकट किती कर्नल कोंबणार तिच्यात?