मदत हवी आहे: वैदू नेमकं हेच झाड का निवडतात, हे विचारायचं कसं?

रानवाट: नमस्कार. कर्जत तालुक्यातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर लोक जैवविविधता नोंदवहीसाठी (गावातली झाडं, प्राणी आणि त्यांबद्दलची लोकांची माहिती टिपणारी वही) औषधी झाडांची नोंद चालू आहे. ‘हगवणीवर कुड्याची साल’ हे उत्तर घरोघरी मिळतं. पण ‘कुडाच का?’ म्हटलं की ‘पहिल्यापासून तोच देतात’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. त्यात कुडे दोन, पांढरा आणि काळा. कोण कुठल्याबद्दल बोलतंय ते कागदावर येत नाही. प्रश्न कसे घालावेत? आणि किती जणांचं एकमत आहे हे आकड्यात कसं मांडावं?

सालपान: ‘का’ विचारूच नका. ‘का’ म्हटलं की माणूस तुमचं समाधान होईल असं कारण शोधून देतो. त्यापेक्षा पांढरा कुडा, काळा कुडा, सातवीण, कडुनिंब, बेल यांच्या ताज्या फांद्या सालीसकट न्या. एका वेळी तीनच पुढे ठेवा आणि विचारा, ‘यातली हगवणीला कुठली चालणार नाही?’ मग गप्प बसून हात बघा. पान चुरगळलं, वास घेतला, साल नखाने खरवडली, जिभेच्या टोकाला लावली: ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहा.

पांढऱ्याची साल कडूजार, काळ्याची तितकी नाही. बियांतही तोच फरक, म्हणून कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव. पण ‘कडू म्हणून’ या उत्तरावर थांबू नका. लगेच विचारा, ‘कडू तर कडुनिंबही आहे, मग तो का नाही?’ खरी माहिती इथे बाहेर येते: साल खोडाची की मुळाची, झाड केवढं हवं, कुठल्या महिन्यात काढायची, वाडीपासून किती लांब मिळतं.

मुरुडशेंगेसारख्या झाडाला वेगळा रकाना ठेवा. शेंग पिळलेली, म्हणून पोटातल्या मुरड्यावर, असं सांगतात. आकार बघून झाड निवडलं, की गुण आधी कळला आणि आकार लक्षात ठेवायला उपयोगी पडला, हे उत्तरावरून ठरत नाही. दोन्ही शक्यता खुल्या ठेवून लिहा.

आणि चव स्वतः घेऊन बघू नका. चिकाच्या झाडांत कण्हेर आणि पिवळी कण्हेरही येतात, दोन्ही कुड्याच्याच कुळातली, आणि त्यांचं विष हृदयावर जातं.

कात्रणवही: दोन कुडे शेंगांवरून सहज कळतात. पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात. काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात, पिकल्यावर सुटतात. फुलं दोन्हींची पांढरी, पण काळ्याच्या फुलात मधोमध झालरीसारखे तंतू असतात.

नमुना म्हणून फुलं किंवा शेंगा असलेली हातभर फांदी घ्या, वर्तमानपत्रात दाबा, पहिले चार दिवस रोज कागद बदला. काळ्या कुड्याची पानं सुकताना निळसर काळी पडतात. कुजली समजून फेकू नका, तीच त्याची खूण आहे. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्या आणि मुलाखतीच्या कागदावर ‘कुडा’ न लिहिता तो क्रमांक लिहा. साल फांदीचीच घ्या, खोडाभोवती गोल सोलली तर झाड मरतं.

मोजमाप: एकमतासाठी ट्रॉटर आणि लोगन या संशोधकांचं १९८६चं सूत्र वापरा. एका माणसाने एका तक्रारीवर एक झाड सांगितलं, की तो एक उल्लेख. त्या आजारगटातल्या एकूण उल्लेखांतून वनस्पतींची संख्या वजा करा आणि उल्लेख उणे एक याने भागा. समजा पोटाच्या तक्रारींवर ४१ उल्लेख आणि ९ वनस्पती आल्या, तर ३२ भागिले ४०, म्हणजे ०.८०. उत्तर १ च्या जितकं जवळ, तितकं एकमत जास्त. दोन्ही कुडे एकच धरले तर वनस्पती ८ होतात आणि उत्तर ०.८३ येतं. नावाच्या गोंधळाने एकमत असं फुगतं.

रानवाट: एका घरातल्या सासू, सून आणि मुलगा तिघांनी तेच सांगितलं तर उल्लेख तीन?

मोजमाप: सून आणि मुलगा सासूकडून शिकले असतील तर एकच. ‘कुणाकडून शिकलात?’ हा रकाना म्हणूनच पहिल्या पानावर हवा. आणि काढ्याचं प्रमाण नोंदवहीत घालण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी वेगळी घ्या. झाडाचं नाव द्यायला कबूल असलेला वैदू प्रमाण द्यायला कबूल असेलच असं नाही.