‘बंडाच्या साली’ : बंड, गदर, क्रांती

मूळ प्रश्न

आजोबांची एक वही टंकून काढते आहे. घराण्याच्या ऐकीव गोष्टी त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकून लिहून ठेवल्या आहेत. त्यात साल असं क्वचितच येतं. ‘बंडाच्या साली थोरल्या घराची वाटणी झाली’, ‘बंडाच्या आधी दोन पावसाळे विहीर बांधली’, असं मोजमाप. बंड म्हणजे १८५७ हे उघड आहे.

घरातल्यांसाठी थोड्या प्रती छापायच्या आहेत. चुलतभाऊ म्हणतात, ‘बंड’ काढ आणि ‘स्वातंत्र्यसमर’ घाल, निदान ‘क्रांती’ तरी. बंड हा इंग्रजांचा शब्द, आपल्या पूर्वजांच्या तोंडी तो शोभत नाही. माझा हात धजत नाही. ‘बंड’ हा खरंच हिणवणारा शब्द होता का? आणि ‘क्रांती’ हा शब्द त्या माणसांना या अर्थाने ठाऊक तरी होता का?

प्रतिसाद १

ताई, शब्दाला हात लावू नका.

वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि त्या धामधुमीत सापडले. १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. राणीच्या आश्रयाला राहिलेला हा माणूस, शहर पडताना त्याने डोळ्यांनी पाहिलं. इंग्रजांची भलामण करण्याचं त्याला काही कारण नव्हतं. तरी ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १८५७ च्या बंडाची हकीकत म्हणूनच ओळखलं जातं. तो शब्द तेव्हा सगळ्यांच्याच तोंडी होता. गोडसे राणीबद्दल लिहितात तेव्हा त्यात माया आणि आदर आहे. ‘बंड’ म्हटल्याने तो उणावत नाही.

या पुस्तकाचं लेखन १८८३ च्या सुमाराचं, पण छापून यायला १९०७ उजाडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी सावरकरांचा १८५७ वरचा ग्रंथ इंग्रजीत निघाला आणि त्याच्या नावातच ‘स्वातंत्र्ययुद्ध’ आलं. घटना एकच. गोडसे घडलेलं सांगत होते, सावरकर पुढच्या लढ्यासाठी माणसं उभी करत होते. म्हणून सरकारने सावरकरांच्या पुस्तकावर ते छापून होण्याआधीच बंदी घातली. तुमच्या वहीतल्या माणसाला त्या दुसऱ्या शब्दाचे कपडे चढवलेत, तर त्याचं बोलणं त्याचं राहणार नाही.

प्रतिसाद २

‘क्रांती’बद्दल थोडं, कारण हा शब्द मला फार आवडतो.

मूळ धातू क्रम्, म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडून जाणं. अतिक्रम, संक्रमण, आक्रमण, पराक्रम सगळे त्यातलेच. पण नुसती ‘क्रांती’ ही शेकडो वर्षं ज्योतिषाची होती. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश सरकला, ते अंतर म्हणजे त्याची क्रांती. ती जास्तीत जास्त साडेतेवीस अंश होते. सूर्याच्या वाटेला आपण आजही क्रांतिवृत्त म्हणतो आणि तिळगुळाची संक्रांत त्याच घरातली. तेव्हा १८५७ सालच्या कुणा जोशीबुवांना ‘यंदा क्रांती झाली’ म्हटलं असतं, तर त्यांनी पंचांग काढलं असतं.

इंग्रजी ‘रेव्होल्यूशन’ची गंमतही हीच. तोही आकाशातून उतरलेला शब्द. १५४३ साली छापलेल्या कोपर्निकसच्या ग्रंथाच्या नावात तो लॅटिन रूपात आहे आणि तिथे त्याचा अर्थ गोलांचं फिरणं एवढाच. उर्दूने ‘इन्किलाब’ घेतला. त्याच्या मुळाशी उलथून पडणं आहे. बंगालीने ‘विप्लव’ घेतला; त्यात पूर आहे, बुडणं आहे. आपल्या शब्दात मात्र पाऊल आहे. मराठीने आधी ‘राज्यक्रांती’ असा जोडशब्द केला, म्हणून १७८९ ची आपण अजून ‘फ्रेंच राज्यक्रांती’ म्हणतो. पुढे नुसती ‘क्रांती’ पुरेशी झाली : ९ ऑगस्ट हा क्रांतिदिन, गवालिया टँकचं मैदान ऑगस्ट क्रांती मैदान, नाना पाटील क्रांतिसिंह. आणि जोतीरावांना ‘क्रांतिसूर्य’ म्हणतात तेव्हा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, शब्द आपल्या जुन्या घरी परत जातो.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण ‘बंड’ अगदी निरागस होता असं समजू नका. वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये पकडले गेले तेव्हा सरकारच्या लेखी ते बंडवाले आणि दरोडेखोर होते. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा शेवट झाला. आज शाळेतलं पोर त्यांना ‘आद्य क्रांतिकारक’ म्हणतं. शब्द बदलला आणि दरोडेखोर ठरवलेला माणूस पूर्वज झाला. चुलतभावांचा आग्रह मला तेवढ्यापुरता कळतो. माझं म्हणणं, वहीत ‘बंड’च राहू द्या आणि प्रस्तावनेत तुम्हाला पटेल तो शब्द तुमच्या नावावर वापरा.

प्रतिसाद ४

‘गदर’ राहिलाच. उत्तरेत १८५७ ला लोक गदर म्हणत. अरबीत त्याचा अर्थ दगा, विश्वासघात; ‘गद्दार’ त्याच मुळाचा. म्हणजे ‘बंड’पेक्षा कितीतरी वाईट शब्द. आणि १९१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांनी, त्यांत बहुतेक पंजाबी कष्टकरी, आपल्या वर्तमानपत्राला तेच नाव दिलं. सॅन फ्रान्सिस्कोहून निघणाऱ्या ‘गदर’च्या माथ्यावर ‘अंग्रेजी राज का दुश्मन’ असं छापलेलं असे. शत्रूने मारलेला धोंडा उचलून त्यांनी पायरीला बसवला. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे याच गदरवाल्यांपैकी. नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. पंजाबात त्यांना कुणी गद्दार म्हणत नाही, गदरी बाबांच्या नावांबरोबर त्यांचं नाव घेतात.

आपल्याकडे ‘विद्रोह’चंही असंच झालं. राजद्रोह, मित्रद्रोह यांच्या पंक्तीतला शब्द, आणि दलित कवींनी तो कवितेचं बिरुद म्हणून लावला.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. चुलतभावांना हे वाचून दाखवलं. त्यांना फडक्यांचा मुद्दा पटला; प्रस्तावना ते स्वतः लिहिणार आहेत आणि तिथे ‘स्वातंत्र्यसमर’ येईल. वहीतला ‘बंड’ जागेवर.

आता अडलेलं एक वाक्य. घराण्यातले कुणी झाशीकडे गेले होते, त्यांच्याबद्दल आहे : ‘गोरे शहरात शिरले, तीन दिवस विजन झाले, मग हे रात्री निघाले.’ विजन म्हणजे निर्जन. शहर ओस पडलं होतं, असं मी समासात लिहून ठेवलंय. पण ‘तीन दिवस’ का? ओस पडलेलं शहर चौथ्या दिवशी भरतं का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

ताई, ते ‘बिजन’ असणार. ‘ब’चं पोट चिरायचं राहून गेलं असेल, किंवा शाई उडाली असेल. फारसीत ‘बिझन’ म्हणजे ‘मार!’, हल्ल्याचा हुकूम. मराठीत त्याचा अर्थ सरसकट कत्तल असा झाला. गोडसेभटांनी झाशीच्या वर्णनात हाच शब्द वापरला आहे. आता तो कुणी बोलत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

भिंग लावून पाहिलं. पोटातली रेघ आहे, अगदी फिकट. समासातलं ‘ओस पडलं’ खोडलं.