मदत हवी आहे: प्रोस्टेट कॅन्सर, ऑपरेशन की रेडिएशन?

वडील ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ९, बायोप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) ३+४, गाठ प्रोस्टेटपुरतीच, बोन स्कॅन स्वच्छ. सर्जन रोबोटिक ऑपरेशन सुचवतात. रेडिएशनवाले डॉक्टर चार आठवडे शेक आणि सहा महिने हॉर्मोनची इंजेक्शनं. नुसतं लक्ष ठेवणं दोघांनाही पटत नाही. ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात १५ वर्षांनी या कॅन्सरने गेलेले जेमतेम ३ टक्के होते, उपचार कुठलाही असो. म्हणजे प्रश्न उरतो रोजच्या जगण्याचा. ऑपरेशननंतर लघवी गळणं जास्त, रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारी, एवढं कळलंय.

बाबा गावी राहतात, शेतात जातात, एसटीने फिरतात. पॅडचं नाव काढलं की गप्पच होतात. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, ते आत्ताच. लैंगिक परिणामांबद्दल डॉक्टर दोघांशीही बोललेत. आईबाबांना त्याची फारशी चिंता नाही. खर्चाची सोय आहे. काढे, चूर्णं कृपया सुचवू नका.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: ऑपरेशननंतर पॅड किती महिन्यांनी सुटला, की सुटलाच नाही? आणि रेडिएशननंतर वर्ष-दोन वर्षांनी शौचाची घाई, रक्त जाणं हे एसटीचा प्रवास टाळावा लागेल इतकं होतं का?