मदत हवी आहे: सोळा रविवार झाले, घाटाच्या पायऱ्या शिडीच दिसतात

नमस्कार मंडळी. वय ४३, नोकरी अंबड एमआयडीसीत. दर रविवारी सकाळी सहाला वही घेऊन नाशिकच्या गोदाघाटावर चित्र काढत बसतो. विषय एकच, दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली दोन तोंडांची मूर्ती) आणि आजूबाजूच्या पायऱ्या. मारुती एकवेळ बरा येतो. (पुराचं पाणी त्याच्या कमरेला की गळ्याला, हे लहानपणापासून ऐकल्याने मापं डोक्यात बसली असावीत!) पायऱ्या मात्र भिंतीला टेकवलेल्या शिडीसारख्या. मुलगी विचारते, "बाबा, मारुती माळ्यावर चाललाय का?"

शाळेत इलेमेंट्री चित्रकला परीक्षेच्या तयारीत सरांनी माझा तांब्या वर्गभर फिरवला होता, हसायला. त्यानंतर तीस वर्षं पेन्सिल धरली नाही. मग ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंचा ग्रोथ माइंडसेट ऐकला. 'जमत नाही' म्हणू नका, 'अजून जमत नाही' म्हणा. बरं वाटलं, वही आणली. पण 'अजून' म्हणून म्हणून तोंड दुखलं. हातात नेमकं काय बदलू? कृपया नुसतं 'सराव करा' लिहू नका.

प्रतिसाद १
स्पष्ट लिहितो, राग नसावा. हात मुळातच लागतो.

प्रतिसाद २
असं कसं? व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० साली, वयाच्या २७व्या वर्षी. त्यानेही बार्ग या फ्रेंच चित्रकाराचे, चित्रकला शिकण्यासाठीचे छापील नमुने पुन्हा पुन्हा गिरवलेच की.

प्रतिसाद ३
धागाकर्ते, तुम्ही घाटावर बसून स्मरणचित्र काढताय. सगळ्या पायऱ्या सारख्या, हे डोक्याला ठाऊक आहे आणि हात तेच उतरवतो. सोळा रविवार एकच चूक घोटली गेली. ड्वेकबाईसुद्धा नुसत्या मेहनतीवर थांबत नाहीत. अडलं की पद्धत बदला, कुणाला तरी विचारा, हेही त्यांचंच म्हणणं. विचारलंत ते बरं केलंत.

आता असं करा. खालच्या पायरीवर, चढाकडे तोंड करून बसा. पेन्सिल डोळ्यांच्या उंचीवर आडवी धरा, ती तुमची नजरेची रेषा. तिच्याखालच्या पायऱ्यांचे माथे दिसतील, वर वर जाताना निमुळते होत. रेषेच्या वरच्या पायऱ्यांचा फक्त उभा भाग. मग हात ताठ, एक डोळा मिटून, अंगठा पेन्सिलीवर सरकवत पहिल्या आणि दहाव्या पायरीची उंची मोजा. दहावी कमी भरेल. जे भरेल तेच काढायचं. खोडरबर घरी ठेवा, जुनी पानं फाडू नका.

धागाकर्ता
आज जाऊन आलो. पाचव्या पायरीपासून माथे खरंच गायब! इतके दिवस समोर असून दिसलं नव्हतं. शिडी बरीच आडवी पडली आहे. कन्येची नवी तक्रार: मारुतीचं दुसरं तोंड कुठे गेलं?